दहा लाख एक

बोर्ली पंचतन,
ता. ११ नोव्हेंबर १९३४

जैनुद्दीन यांस खतिजाचे सलाम.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुमच्या अम्मींचा खोकला आता बसला. नावापुढे या वेळी 'भाई' लिहायचं राहून गेलं, असंच समजा.

मुंबईला कॉलेजात शिकता, वर्षाने खालेच्या मुलीला पत्र धाडता, आणि त्यात काय, तर दहा लाख एक. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंत, एकही लागली नाही, म्हणून ही संख्या फुटायचीच नाही असं ठरवून नाद सोडलात. लहानपणी ओटीवर बसून आपण संख्या फोडायचो, तेव्हाही तुम्ही असेच लवकर उठायचात. शंभरापाशी थांबायला कुणी सांगितलं होतं?

काल आमच्या अंगणात नारळांची मोजणी चालली होती. आपल्याकडचा शेकडा तुम्हाला ठाऊक आहे. शंभर मोजून वर वर्ताळ्याचा एक टाकल्याशिवाय गिऱ्हाईक पोतं उचलत नाही. ते बघता बघता मी आत आले आणि पाटीवर एकशे एकने भागाकार मांडला. बाकी शून्य. नऊ हजार नऊशे एक आले.

आता ही धाकटी संख्या मात्र फुटणार नाही, आणि ते मला तुमच्यामुळे कळलं. शंभराच्या आतलं काही थोरलीला लागलं नाही, म्हणजे धाकटीलाही लागणार नाही. आणि शंभर गुणिले शंभर तिच्याहून मोठे, म्हणजे ती फुटली असती तर एक तुकडा शंभराच्या आतलाच निघाला असता. तुमची मेहनत फुकट गेली नाही. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

बाकी विशेष नाही. म्हसळ्याहून माझ्यासाठी मागणं आलं आहे. माणसं चांगली आहेत. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बा त्यांना जबान देणार.

गेल्या वर्षी तुम्ही मामूंकरवी विचारलंत. अब्बा म्हणाले, आधी शिक्षण होऊ दे. नाही म्हणाले नव्हते. तुम्ही मात्र गप्प बसलात. मीही बसले, मुलीने काय बोलायचं म्हणून. परवा जेवताना अम्मीने तुमचं नाव काढलं, तर अब्बा ताटातून मान वर न करता म्हणाले, "त्याला पोर पायजे असती तर सवता आला नसता? मी काय त्याला खानार हाय?"

मला जेवण गेलं नाही.

मला म्हसळ्याला जायचं नाही. एवढंच लिहायचं होतं, त्यासाठी सगळा भागाकार लिहावा लागला.

गुरुवारी आगबोट दिघीला लागते. याचं उत्तर टपालाने धाडू नका. या, आणि अब्बांना स्वतः विचारा.

तुमचीच, आणि हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे,
खतिजा