इव्हो अजून स्वयंपाकघरातच आहे

९ नोव्हेंबर, रविवार
नवी वही सुरू. कव्हरवर टॉवेलची जाहिरात आहे, ती बाजू आत दुमडली.
'द फेरीमन्स हाऊस'चा चौथा भाग आज आला. कुठल्याशा थंड देशातल्या दोन बहिणी घरी बसून हे गेम बनवतात. बंदूक नाही, स्कोअर नाही. एका बेटावर होडीवाल्याचं घर, त्यातली माणसं आणि त्यांची दुःखं. पहिल्या भागात आजी सगळं विसरत जाते, दुसऱ्यात कुत्रं हरवतं, तिसऱ्यात आईचं पत्र येतं. तिन्ही वेळा रडलो. बायकोला, प्रियंकाला, सर्दी सांगितली.
अख्ख्या सोलापुरात ही मालिका समजून खेळणारा मी एकटाच असणार. जिल्ह्यात दोघं. दुसरा कुर्डुवाडीचा सोमेश, रेल्वेत आहे, ओळख ऑनलाइनच.
या गेम्समुळे माणसाच्या मनातलं मला लगेच कळतं. जेवताना प्रियंका काहीतरी सांगत होती. चेहऱ्यावरून आनंदाची बातमी वाटली. शब्द ऐकले नाहीत, डाउनलोड ९४ टक्क्यांवर होतं.

१० नोव्हेंबर
बातमी अशी. प्रियंकाला पुण्याच्या एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली. इथे सहा वर्षं ती रक्ताच्या नळ्यांना नंबर चिकटवते आहे, तिकडे पूर्ण सेक्शन तिच्या हाताखाली. १ डिसेंबरला जॉइन व्हायचंय. मीही चलावं म्हणते.
माझी तयारी शंभर टक्के आहे. पुण्यात गेमच्या कंपन्या आहेत, स्टोरी रायटर म्हणून मला कोणीही घेईल. अडचण एकच, अण्णा. नवी पेठेतलं चादरींचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं. दहा वर्षं मी सोबत बसतोय. एकुलता एक मुलगा. मी जातो म्हटलं तर खचतील.
प्रियंकाने विचारलं, मग त्यांना सांगणार कोण? म्हणालो, अर्थात मी. उद्या सकाळी, दुकान उघडताना.

११ नोव्हेंबर
शटर अर्ध्यात अडकलं. अशा वेळी नाजूक विषय काढत नाहीत.
गेम. चौथ्या भागाचा नायक इव्हो. त्याला बेट सोडून जायचंय. म्हातारा बाप स्वयंपाकघरात दोर वळत बसलाय. स्क्रीनवर दोन पर्याय येतात, 'बोल' आणि 'चहा ठेव'. उथळ लोक लगेच 'बोल' दाबत असतील. मी चहा ठेवला. बापाने तो प्यायला. पुन्हा तेच दोन पर्याय.

१४ नोव्हेंबर
भाषण तयार आहे. तीन पानं, सुरुवात कृतज्ञतेपासून. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "काय रं अमरेश, काय बोलायचंय व्हय?"
म्हणालो, पंखा आवाज करतोय.
बहात्तराव्या वर्षी ते स्वतः स्टुलावर चढले आणि पंख्याला तेल घातलं. अशा माणसाला कसं सांगणार? थोडा वेळ जाऊ द्यावा.

१७ नोव्हेंबर
गेममध्ये पदक मिळालं, 'पंचवीस चहा'. जगात फार थोड्यांना मिळालं असणार.
सोमेशने चौथा भाग पहिल्याच दिवशी संपवला. विचारलं, रडलास का? म्हणाला, लई. मग म्हणे आईला फोन लावला आणि तासभर बोलला. मनाने चांगला आहे, पण खोलात जात नाही.

२० नोव्हेंबर
दुकानात तीन बाजूंना छतापर्यंत चादरी. चौथ्या बाजूला अण्णा. आज श्वास कोंडल्यासारखं झालं. एका लग्नवाल्यांना सत्तावीस चादरी उलगडून दाखवल्या, त्यांनी नॅपकिन घेतला. सत्तावीस घड्या घालताना वाटलं, आयुष्य हेच आहे. घरी येऊन प्रियंकाला तसं म्हटलं. ती म्हणाली, मग बोल ना अण्णांशी. बायकांना प्रत्येक गोष्टीवर उपायच हवा असतो.
पुण्यात जागा बघायची आहे, एकाची की दोघांची, असं तिने विचारलं. म्हणालो, नात्यात आकडे नसतात. म्हणाली, घरमालकाला लागतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
अनर्थ. मी एका लग्नघरी माल पोचवायला गेलो होतो. परत आलो तर लॅपटॉप उघडा आणि प्रियंका डोळे पुसत बसलेली. माझा गेम तिने संपवला! मी बारा दिवस जिथे आहे तिथून पुढे, पावणेदोन तासांत. मी विचारलं, तू 'बोल' दाबलंस? म्हणाली, हो, दुसरं काय दाबणार?
मग बाप काय म्हणतो ते सांगायला लागली. मी कानावर हात ठेवले. बारा दिवसांची मेहनत. रागाने जेवलो नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. पश्चात्ताप झाला असावा. मोठ्या मनाने माफ केलं आणि गेम पहिल्यापासून सुरू केला.

२६ नोव्हेंबर
आज नक्की बोलणार होतो. अण्णांचे गुडघे दुखत होते.

२९ नोव्हेंबर
प्रियंकाने बॅगा भरल्या. विश्वास वाटावा म्हणून माझे दोन शर्ट तिच्या बॅगेत ठेवले. तिने ते काढले, नीट घडी केली आणि कपाटात परत ठेवले.  आजकाल शांत असते, म्हणजे समजूत पटली आहे.

३० नोव्हेंबर
सकाळच्या गाडीला सोडायला गेलो. खिडकीतून म्हणाली, "सांभाळ स्वतःला." मी म्हणालो, दोन दिवसांत अण्णांशी बोलतो आणि येतोच. तिने मान हलवली. कशी हलवली ते गाडी सुटल्यामुळे नीट दिसलं नाही.
मी सोमेशला कळवलं होतं की आम्ही पुण्याला निघतोय. तो कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवर शेंगाचटणीचा डबा घेऊन उभा. नंतर त्याचा मेसेज आला, "वहिनी एकट्याच?" लिहिलं, मी मागून येतोय, प्लॅन आहे. त्याने अंगठा पाठवला.

३ डिसेंबर
बोललो!
भाषण वापरलं नाही. घर इतकं शांत होतं की भाकरी चावल्याचा आवाज येत होता. तोंडातून निघूनच गेलं, "अण्णा, मला पुण्याला जायचंय."
अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता छातीला हात लावतात. ते म्हणाले, "मग जा की. कोण अडवलंय?"
म्हणालो, पण दुकान? ते खाली बघायला लागले. गुडघे चालत नाहीत म्हणून दसऱ्यालाच त्यांनी ते माझ्या चुलतभावाला, शिवराजला, द्यायचं कबूल केलंय. एक जानेवारीपासून. "तुजा जीव हाय दुकानात. तुला वाईट वाटंल म्हणून बोलायचं धाडस न्हाई झालं. रोज म्हणत हुतो, आज सांगतो, उद्या सांगतो."
 मग त्यांनी विचारलं, "सूनबाई एकटीच गेली ती याच्यापायी व्हय?" भाकरी ताटात ठेवून डोळे पुसले. यावेळी सर्दी सांगितली नाही.

४ डिसेंबर
प्रियंकाला फोन. आवाज मुद्दाम शांत ठेवला, म्हणजे सरप्राइज वाढेल. म्हणालो, मी मोकळा झालो, येतोय.
 ती म्हणाली, तिने हेमावती नावाच्या सहकारी मुलीबरोबर जागा घेतली आहे. अकरा महिन्यांचा करार. फक्त मुलींसाठी. म्हणाली, "अमरेश, तीन आठवडे रोज विचारत होते. तू एकदा 'नाही' म्हणाला असतास तरी चाललं असतं."
रागावलेली नव्हती. त्याचंच जास्त वाईट वाटलं. यायचं तर ये, म्हणाली, नोकरी बघ, स्वतःची खोली बघ, रविवारी भेटू.

१५ डिसेंबर
चार गेम कंपन्यांना अर्ज केले. एकीचं उत्तर आलं, आजवर काय लिहिलंय ते पाठवा. माझ्याकडे अण्णांसाठी लिहिलेलं भाषण आहे. तेच इंग्रजीत करून पाठवलं.

२४ डिसेंबर
उत्तर नाही. नाताळची सुट्टी असणार.
रविवारी जाणार होतो. रिझर्व्हेशन मिळालं नाही. काढायला गेलो असतो तर मिळालं असतं, पण गर्दी होती.

२ जानेवारी, शुक्रवार
शिवराजने काल दुकानाची पूजा केली. रंग नवा, पाटी नवी. अण्णा आता घरी दुपारी झोपतात, चेहरा खुलला आहे. त्यांनीच शिवराजकडे शब्द टाकला, पोराचं पुण्याचं जमेपर्यंत ठेव. शिवराजने ठेवलं. दहाला हजर व्हायचं, जेवायला अर्धा तास. पहिल्याच दिवशी सात मिनिटं उशीर झाला, तो घड्याळाकडे बघून हसला.
दुपारी त्याने विचारलं, "दादा, खरं सांग, पुण्याला कधी जाणार? मला दुसरा माणूस बघायला बरं."
सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात एक नवं जोडपं आत आलं. त्यांना डबल बेडची चादर हवी होती, सगळ्यात वरच्या फळीवरची. मी स्टूल घेऊन वर चढलो.