अंदाजाने घेतलेलं वल्हं

८ नोव्हें., शनि.
"वल्ह्याला लावून अंग मापू नये गो, पान्याला माप ध्यानात र्‍हातं." माहेरी, मोऱ्याच्या जेटीवर बाबा म्हणाले होते. मी तेव्हा माझ्या लेकीच्या, ईराच्याच वयाची होते. होडीच्या वल्ह्याला पाठ लावून हात वर नेत होते, तेवढ्यात त्यांनी वल्हं ओढून घेतलं. का, ते सांगितलं नाही. आता विचारायला बाबा नाहीत.
आज नेरूळच्या दुकानात दुकानदाराने ईराला नेमकं तेच करायला सांगितलं. ईरा पुढच्या रविवारी पहिल्यांदा खाडीत पॅडलबोर्डवर उभी राहून वल्हवणार. क्लासची वल्ही सगळी मोठ्यांची.
"बेबी, हात वर कर. वल्ह्याची मूठ मनगटाला आली की साइज झाला."
मी तिला मागे ओढलं. "अंदाजाने द्या."
"मॅडम, साडी आहे का अंदाजाने न्यायला?"
हलकं, लहान पात्याचं, क्लिप उघडून लांब-आखूड होणारं घेतलं. दांडा पूर्ण लांब करून आणला. ईरा रुसलीय.

११ नोव्हें.
गॅलरीतल्या वल्ह्याचा दांडा सकाळी आखूड. क्लिप घट्ट. ईरा शेजारी उभी राहून आळस देत होती, हात वर. मूठ बरोबर मनगटाशी.
"तू केलंस?"
"मम्मा, ती क्लिप मला उघडतच नाही."
खरंच नाही उघडत.
नवऱ्याला दाखवलं, तर अजित हसला. "कोळ्याची लेक आणि पाण्याला भितेस? आम्हाला साताऱ्यात विहिरीत ढकलून शिकवलं."

१२ नोव्हें.
लांब केलं होतं. परत तेवढंच आखूड. वर मिठाचा पांढरा थर. अजून पाण्यात गेलेलंच नाही ते.
आईला मोऱ्याला फोन. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुझ्या बाबाच्या धाकल्या भावाला असाच वल्ह्याला लावून मापलेला."
"मग?"
"मग काय गो. वल्हं तेवरं परत आलं, तो नाय."

१५ नोव्हें., शनि.
कोचला कळवलं, ईरा येत नाही. ईरा जेवली नाही. "सगळ्यांच्या मम्मा सोडतात." अजित म्हणाला, एका दांड्यापायी पोरीला किती दिवस घरात ठेवशील? कोचला परत फोन केला. लाइफ जॅकेट, पायाला दोरी, कोच शेजारी... सगळं पुन्हा विचारलं. हो म्हटलं शेवटी.

१६ नोव्हें., सकाळ
दोघं खाली गाडीत. वल्हं न्यायला वर आले. उभ्यानेच लिहितेय.
दांडा ओला आहे. आमच्या गॅलरीतून खाडी दिसत नाही, समोर टॉवर. पण वास येतोय, जेटीचा.
पाठ लावून उभी राहिले. हात वर केला. त्या दिवशी जेटीवर माझं माप अर्धं राहिलं होतं, ते आज पुरं व्हावं म्हणून. क्लिप उघडून दांडा वर ओढला. कपाळाशी येऊन अडला. लहान मुलांचं वल्हं, पुढे जातच नाही.
खाली हॉर्न. ईराची हाक, "मम्मा, चल ना!"
पुरत नाही, दिसतंय मला. तरी पाण्या, माझं माप घे. तिचं विसर.