ओटचं पोतं आणि तीन वर्षांचा विमा

होरका, नेब्रास्का
९ ऑक्टोबर १९९६

ती. मेथोडियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. ही ऐकीव बातमी नाही. काल कोर्टात जजसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. संध्याकाळी चर्चच्या गाण्याच्या तालमीला क्लॅरेन्स स्टेलिकने तिला जोड दिली, की त्याच्या विमा कंपनीनेही माझं नाव काढून टाकलंय. आमच्या गाड्यांचा, गोठ्याचा, गारपिटीचा विमा तीस वर्षं त्याच्याकडे. सांगताना तो माझ्याकडे नव्हे, माझ्या बुटांकडे बघत होता.

तुझ्या मठापर्यंत गोष्ट पोचली असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. गावच्या सोकोल हॉलमधल्या सेंट वेन्सेसच्या सणाच्या नाचाहून परत येताना माझी पिकअप शेजारच्या कुबिचेकांच्या टपालपेटीवर चढली आणि त्यांच्या सोयाबीनमध्ये जाऊन थांबली. माणसाला, जनावराला कुणालाही खरचटलं नाही. ती पेटी चाळीस वर्षं रस्त्यात नाक खुपसून उभी आहे, हे अख्ख्या होरक्याला माहीत आहे. पण जजसाहेब होरक्याचे नाहीत.

आता खरं दुखणं. एर्विन गेला आणि मी विधवा झाले, तेव्हापासून आमचा ड्वेन मला लिंकन शहरात न्यायला टपलाच होता. आता त्याच्या हाती कोलीत मिळालं. रविवारी आला तो रंगीत पत्रक घेऊनच. म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट, लिफ्ट, मंगळवारी बिंगो, आणि खिडकीतून काय दिसतं, तर पार्किंग. म्हणाला, आई, गाडीशिवाय शेतावर एकटी राहून तू खाणार काय? मी म्हटलं, बिंगोपेक्षा बरं काहीतरी. शेवटी सौदा ठरला. मका पेरायच्या आत लायसन्स परत माझ्या हातात असेल तर तो फ्लॅटचं नाव काढणार नाही. नसेल तर मी घर सोडायचं.

मी सोडणार नाही. प्रार्थनेत माझं नाव घेत असशील तर एवढंच माग, बाकी माझं मी बघते.

तुझी,
रोझॅली


मठ, कान्सास
२० ऑक्टोबर १९९६

चि. रोझॅलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. टपालपेटीची चूक किती, क्लॅरेन्सची किती, जजची किती, सगळं नीट कळलं. ग्लासात काय होतं आणि किती होतं, तेवढं तू लिहायचं विसरलीस. शाई संपली का?

मी मठात राहते, ढगात नाही. आपले बाबा बिअरला भाकरीचा भाऊ म्हणायचे, त्याच घरात मीही वाढले. पण कुबिचेकांची धाकटी मुलगी रोज सकाळी त्याच पेटीपाशी शाळेच्या बसची वाट बघत उभी असते, हे तूच मला मागे लिहिलं होतंस. ही ओळ लिहून मी थांबते. तू रागावशील, रागाव. थोरल्या बहिणीला एवढा हक्क आहे.

इकडे मीच मठाची व्हॅन चालवते. मागे बसलेल्या वृद्ध सिस्टर वळणावर जपमाळ घट्ट धरतात. मदर म्हणतात, मेथोडियाच्या गाडीत बसलं की भक्ती आपोआप वाढते.

फ्लॅटच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे, पण ड्वेनवर डाफरू नकोस. त्याने तुझी काळजी केली नसती तर त्याबद्दलही तू मला पत्र लिहिलं असतंस.

माया आहे तशीच आहे, उत्तर मात्र पुरं पाठव.

मेथोडिया


होरका
८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी आता ट्रॅक्टरवरून चर्चला जाते. हसू नकोस. शेतीच्या कामासाठी ट्रॅक्टर रस्त्यावर आणायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. म्हणून एर्विनचा जुना हिरवा ट्रॅक्टर काढते, मागे छोटी गाडी जोडते आणि तीत ओटचं एक पोतं ठेवते. पोतं असलं की झालं शेतीचं काम. वरून डोक्याला स्कार्फ, अंगात एर्विनचा कोट. वारा असा बोचतो की चर्चमध्ये पोचेपर्यंत निम्मी पापं गोठून गळून पडतात.

पहिल्या रविवारी लोक दारात उभं राहून बघत होते. क्लॅरेन्सची बायको म्हणाली, रोझॅली, एवढ्या थंडीत कशाला गं, घरीच प्रार्थना केलीस तरी देव ऐकतो. मी म्हटलं, देव ऐकतो, पण तुझा तो उंच पट्टीचा सोप्रानो ऐकायला मला इथेच यावं लागतं.

गेल्या रविवारी शेरीफचा डेप्युटी डेनिस दिवे लुकलुकवत माझ्या मागे आला. वाटलं, पकडतोय. पण मागून येणाऱ्या गाड्यांना टेकडीपलीकडचा ट्रॅक्टर दिसत नाही, म्हणून तो मला चर्चपर्यंत सोबत करत होता. दारात उतरून म्हणाला, मिसेस हायेक, हे पोतं माझ्यापेक्षा नेमाने मिसाच्या प्रार्थनेला येतं, पुढच्या वेळी याला प्रसादाच्या रांगेत उभं करा. मग हळूच म्हणाला की कायदा तो वाचतो तसा दुसरा कुणी वाचेलच असं नाही, तेव्हा पोत्याच्या जिवावर फार उड्या मारू नका.

खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवलेत. तू विचारलंस त्याचं उत्तर पार्सलात मावलं नाही.

रोझॅली


मठ, कान्सास
२ एप्रिल १९९७

चि. रोझॅलीस,
अ. उ. आ.

कोलाचे मठाच्या फाटकातच संपले. स्वयंपाकघराच्या सिस्टरने पाककृती मागितली आहे आणि मदरने दुसरं पार्सल.

तू फोनवर सांगितलंस ते मी कागदावर मांडून बघितलं, कारण रागात तू तीन गोष्टी एकदम सांगतेस. सहा महिने पुरे झाले म्हणून लायसन्स परत मिळत नाही. आधी एखाद्या विमा कंपनीने सरकारला लिहून द्यावं लागतं की या बाईचा विमा आमच्याकडे आहे. तो तीन वर्षं सलग चालू राहायला हवा. मध्ये तुटला की कंपनी लगेच सरकारला कळवते आणि लायसन्स पुन्हा जातं. क्लॅरेन्सची कंपनी असलं गिऱ्हाईक घेत नाही, लिंकनमधली एक घेते. बरोबर?

तर मी येते. दहा तारखेला, व्हॅन घेऊन. मदरना काय सांगू असा प्रश्न होता, मी खरं तेच सांगितलं, की एका पापी स्त्रीला भेटायला जायचंय. त्यांनी लगेच पेट्रोलची परवानगी दिली.

तुझी ताई,
मेथोडिया


होरका
२७ एप्रिल १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लायसन्स आलं! काल टपालवाल्याने स्वतः दारात आणून दिलं, आणि ते आत आहे हे त्याला पाकीट न उघडताच माहीत होतं. मका अजून पोत्यातच आहे, जमिनीत नाही. ड्वेनला फोन केला. म्हणाला, जपून चालव. हरलेल्या माणसाचं हे बोलणं मला आवडलं.

लिंकनच्या त्या विमा ऑफिसची आठवण निघाली की मी एकटीच हसते. एका बाजूला गहाणवटीचं दुकान, दुसऱ्या बाजूला गोंदणारा, आणि मधल्या खुर्चीवर झगा आणि शिरोवस्त्र घालून तू. तो मानेवर साप गोंदलेला पोरगा तुला जागा देऊन अदबीने विचारत होता, सिस्टर, तुम्हाला कितव्यांदा पकडलं? आणि तू म्हणालीस, मला अजून पकडायचंय.

पण खरं सांगू, टेबलामागच्या त्या हिरव्या नखांच्या मुलीसारखं माझ्याशी त्या सहा महिन्यांत कुणी वागलं नाही. उपदेश नाही, उसासा नाही, बुटांकडे बघणं नाही. जोखमीचं गिऱ्हाईक, असं तोंडावर म्हणाली आणि पुढचा कागद सरकवला. विमा महाग आहे, पण असू दे. पहिला हप्ता भरलाय, बाकीचं बघू म्हटलं.

आज सकाळी पिकअपमधून कुबिचेकांच्या घरावरून गेले. त्यांनी नवी पेटी बसवली आहे, त्याच जागी. मी हॉर्न वाजवला.

तुझ्या व्हॅनला आणि तुला माझा नमस्कार.

रोझॅली


होरका
१ जुलै १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लायसन्स पुन्हा गेलं. या वेळी बातमी डेनिसने पक्की केली. आज सकाळी टोपी हातात घेऊन तो दारात उभा होता. म्हणाला, कंपनीने सरकारला कळवलंय, विमा तुटला. आता पिकअप चालवलीत तर मला नाइलाजाने पकडावं लागेल, म्हणून आधीच सांगायला आलो.

कारण ऐक आणि सांग, यात माझं काय चुकलं. पुढचे हप्ते गहू विकला की एकदम भरीन, असं मी त्या मुलीला जाताना सांगितलं होतं. ती मान हलवत होती. होरक्यात बियाणं, डिझेल, डॉक्टर, दाताचा डॉक्टर, चर्चची वर्गणी, सगळं गव्हावर चालतं. एर्विनच्या शवपेटीचेसुद्धा पैसे गव्हानंतर दिले, आणि त्या माणसाने तोवर चकार शब्द काढला नाही. कंपनीची पाकिटं आली ती मी घड्याळामागे ठेवली, गव्हानंतर उघडीन म्हणून. आज उघडली. चौथ्यात काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. गहू अजून शेतात उभा आहे, सोन्यासारखा.

तीन वर्षं आता पहिल्यापासून मोजायची. ड्वेन दुपारीच आला. पिकअपची किल्ली खिशात घातली आणि पत्रक टेबलावर ठेवलं. म्हणाला, सप्टेंबरला फ्लॅट रिकामा होतोय. मी पत्रक कोलाचेच्या ट्रेखाली घातलं. तो न खाताच गेला.

मी जाणार नाही, ताई. ट्रॅक्टर आहे, पोतं आहे. मला इथून हलवायचं असेल तर गव्हासारखं कापून न्यावं लागेल.

रोझॅली


मठ, कान्सास
६ जुलै १९९७

चि. रोझॅलीस,
अ. उ. आ.

काय चुकलं म्हणतेस, तर सांगते. होरक्यात तुझा शब्द चालतो, कारण होरक्यात तुला, तुझ्या नवऱ्याला, तुझ्या गव्हाला ओळखतात. लिंकनच्या त्या टेबलावर तू रोझॅली नाहीस. त्या मुलीने मान हलवली ती सभ्यपणाने. तिला गहू म्हणजे पाव माहीत. तिने तुझ्या बुटांकडे पाहिलं नाही ते तुला आवडलं ना? मग तिने तुझ्या शेताकडेही पाहिलं नाही, याचं वाईट कशाला वाटून घेतेस?

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते. त्या रात्री शेरीफने ड्वेनला बोलावलं होतं. तू गाडीत बसून होतीस. कशाला धडकलीस, असं ड्वेनने विचारलं आणि तुला सांगता आलं नाही. पेटी, की आणखी कुणी, तुला ठाऊक नव्हतं. तेव्हा तुझ्या मुलाने टॉर्च घेऊन कुबिचेकांचा सगळा नाला पालथा घातला, कुणी पडलंय का ते बघायला. घरी पोचल्यावर त्याने मला फोन केला.

म्हणून तो पत्रकं आणतो. त्याला तुला लिफ्टमध्ये बसवायचं नाहीये, त्याला पुन्हा त्या नाल्यात उतरायचं नाहीये.

तू घर सोडू नकोस. पण माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर दे. मला नको देऊस, त्याला दे.

आशीर्वाद आहेतच.

मेथोडिया


होरका
२१ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लायसन्स पुन्हा माझ्या पर्समध्ये आहे, आणि विमा पुढच्या वर्षाचा पूर्ण भरलेला आहे. त्या हिरव्या नखांच्या मुलीने (आता नखं जांभळी आहेत) दोन्ही गोष्टी फोनवर पक्क्या केल्या. त्यासाठी एर्विनचा जुना ट्रॅक्टर विकला. कुबिचेकनेच घेतला. गव्हाचे पैसे बियाण्याला आणि डिझेलला हवेच होते, आणि खरं सांगायचं तर तो ट्रॅक्टर गोठ्यात असेपर्यंत माझ्याकडे पळवाट होती. आता लायसन्स गेलं तर चर्चलाही पायीच. ओटचं पोतं कोंबड्यांना घातलं, त्याने खूप मिसा ऐकल्या होत्या.

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस तुझ्यावर रागावले होते. मग ड्वेनला बोलावलं आणि नाल्याबद्दल विचारलं. तो हो म्हणाला, एवढंच. त्याने मला विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं, की किती प्याले होते ते मोजलं नव्हतं, आणि हेच उत्तर आहे. तो उठून सिंकपाशी गेला, पाण्याचा नळ उगाचच सोडून उभा राहिला. नंतर कोलाचे खाल्ले, पाच. पत्रक ट्रेखाली चिकटून बसलं होतं, ते सोलून काढून कचऱ्यात टाकलं, त्यानेच. किल्ली टेबलावर ठेवून गेला.

याचा अर्थ मी गरीब गाय झाले असा काढू नकोस. नाचाला जाऊ नये, असं क्लॅरेन्सच्या बायकोने सुचवलं. लोक काय म्हणतील म्हणे. मी जाणार. येत्या शनिवारी सेंट वेन्सेसचा नाच आहे. मी हॉलच्या दारापाशी कॉफीचा थर्मास घेऊन बसणार आहे आणि ज्याचे पाय पोल्का संपल्यावरही पोल्काच नाचत असतील त्याला पिकअपमधून घरी सोडणार आहे. त्यांच्या गाड्या रात्रभर हॉलपाशीच राहतील. सकाळी मिसाला येताना कुणाची गाडी उभी आहे ते अख्खं गाव बघेल. बघू दे, मलाही बघत होतं. फादरनी वेदीवरून ही सूचना वाचली तेव्हा मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. मी मागे वळून बघितलं, खोकला थांबला.

कुबिचेकांच्या पेटीला मी लाल परावर्तक लावून दिलाय. पेटी तिथेच आहे. तिची जागा बरोबर होती.

आणि ऐक, शनिवारी पिकअपमध्ये सगळ्यात आधी जागा कुणी सांगून ठेवली असेल? क्लॅरेन्स स्टेलिक. कालच्या तालमीनंतर जवळ आला आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघून हळूच विचारलं, रोझॅली, तुझा विमा नक्की चालू आहे ना? मी म्हटलं, क्लॅरेन्स, या जिल्ह्यात माझ्याइतका तपासून घेतलेला ड्रायव्हर दुसरा नाही. तू फक्त मधे बस आणि गुडघे गिअरपासून दूर ठेव. ड्वेनही लिंकनहून येतोय. तो कडेला, दाराशी बसेल.

शनिवारी तू आपल्या प्रार्थनेला बसशील तेव्हा आम्ही कुबिचेकांच्या वळणावर असू. मी हळू घेईन.

तुझी,
रोझॅली