धक्क्याशिवाय सुरू झालेली गाडी

अहो,

आज सकाळी तुमची व्हॅन पहिल्याच चावीला सुरू झाली. कुणी धक्का मारला नाही. आणि मला इतका राग आला की चूल विझवून लिहायलाच बसले.

शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाखाली ठेवा, सकाळी वाचा आणि मग पोस्टात टाका. पण तुम्ही जिथे गेलात तिथे पोस्टमन जात नाही, मग उशाखाली ठेवून करू काय? लिहितेच. ऐका. जिवंतपणी एका जागी बसून कधी ऐकलं नाहीत, आता तरी ऐका!

तुम्ही गेलात तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. सातपाटीतले सगळे मच्छीमार घरी होते, सगळे आले. प्रत्येकाच्या तोंडी एकच. “इंजिनाचा डॉक्टर गेला.” मला किती बरं वाटलं होतं! आज तेच वाक्य आठवून दातओठ खाते आहे.

रोज आपल्या दारात काय चालायचं, आठवतं का? पहाटे बाया पाट्या घेऊन यायच्या. मासळी व्हॅनमध्ये चढवायची, पदर खोचायचे आणि मग सगळ्या मिळून मागून धक्का. तुम्ही आत राजासारखे स्टिअरिंगवर. “मारा गो, मारा! जेवला नाय काय?” आणि मागून कुणीतरी ओरडायची, “दामूदादा, बोईसरला पोचायचं भाडं आमीच तुज्याकडनं घेतो आता!” मग हशा. मीसुद्धा ओट्यावरून हसायचे. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, अशीच असते.

तुम्ही कारणं तरी किती द्यायचात! बॅटरी उतरलीय. खारी हवा. डिझेलात भेसळ. बायांचं वजन! बोईसरच्या गॅरेजवाल्याने एकदा नुसतं बॉनेट उघडून म्हटलं, “भाभीजी, पंप का टाइमिंग चेक करना पड़ेगा,” तर त्याच्या हातून बॉनेट खाली पाडलंत. “मला टायमिंग शिकवतो! ह्याच्या बापाने होडी बगितलीय काय?” आणि मी, तुमची बायको, रस्ताभर तुमचीच बाजू घेत आले.

ह्या रविवारी भंगारवाला व्हॅन न्यायला येणार होता. मयुरी म्हणाली, “आई, एकदा मला पंप बघू दे. नाही जमलं तर दे त्याला.” आपली मयुरी, जी बोईसरच्या कारखान्यात मोठाली यंत्रं दुरुस्त करते आणि जिला तुम्ही घरच्या गाडीपाशी फक्त टॉर्च धरायला उभी करायचात. “पंपाला हात लावायचा नाय हां!” का हो? तुमच्याच पोटची पोर ना ती?

काल दुपारी आम्ही दोघींनीच ते काम केलं. मी पाना धरला. हो, मी! ह्या हातांनी शाळेत क्रोशाचे रुमाल विणले होते.

तिने मला समजावलं. पंपाने इंजिनात डिझेल नेमक्या क्षणी मारायला हवं, फार आधीही नाही, फार उशिराही नाही. तो क्षण शोधायला तिने पंपाच्या पहिल्या तोटीवर एक बारीक, हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी बसवली. नळीतून डिझेल पडत राहतं. मी खालून पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं. धार बारीक होते, मग थेंब, मग थेंबही थांबतो. थांबला की समजायचं, पंप डिझेल आत मारायला लागला. त्याच वेळी इंजिनाच्या पुलीवर कोरलेली खूण शेजारच्या स्थिर काट्यासमोर यायला हवी.

“हळू, आई. पुढे गेलं. पुन्हा पहिल्यापासून. मागे फिरवून चालत नाही.”

मी पुन्हा फिरवलं. खांदे भरून आले. थेंब थांबला. मी वाकून बघितलं, तर खूण कुठे? अजून खालीच, काट्यापासून चांगली लांब.

“मी चुकले का?”

“नाही. बाबांनी होडीसारखं लावलंय.”

आणि पंपाच्या कडेला छिन्नीने मारलेल्या तीन रेघा तिने दाखवल्या. गावातल्या अर्ध्या होड्यांवर त्या रेघा मी पाहिल्या आहेत. तुमची सही!

होडीचं ठीक आहे हो. एकदा निघाली की परत बंदरात येईपर्यंत एका लयीत चालते. पंप थोडा पुढे, म्हणजे डिझेल जरा आधी मारेल असा लावला तर ओढ मिळते. सुरू व्हायला जड गेली तर हँडल मारायला धट्टेकट्टे खलाशी असतात. पण ह्या व्हॅनला खलाशी कोण होते? दिवसभर डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाया! तुम्ही त्यांनाच खलाशी केलंत, आणि वर जेवला नाय काय, असं विचारलंत.

इथपर्यंत मी माफ केलं असतं. माणूस चुकतो. सवयीने हात तसाच गेला असेल.

पण मग धक्का मारणाऱ्या बायांतली चंद्राबाय आठवली. एका सकाळी धक्का मारताना व्हॅन अर्धवट सुरू झाली, उलट हिसका बसला आणि चंद्राबाय उतारावर मनगटावर पडली. हाड सांधलं, पण वाकडंच. पाटी डोक्यावर चढवताना अजून ती दुसऱ्या बाईला हाक मारते. आणि तुम्ही गावभर काय सांगितलंत? “तिला धक्का मारता येत नाय. मंग पडनारच!” लोकांनी तेच उचललं. तिची सूनसुद्धा टोमणा मारते, “आमची सासू, गाडी बगितली की पडते.” ती बोईसरला मासळी विकायला जायची बंद झाली. आता वाळवणीच्या मांडवात बसून दुसऱ्यांचे बोंबील उलटते.

मी मयुरीला म्हटलं, “बाबांना कळलं असतं तर त्यांनी तोंडातून असं काढलं नसतं.”

ती हातातल्या कपड्याच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “सांगितलं होतं मी. चंद्राकाकी पडली त्याच आठवड्यात. म्हटलं, बाबा, टायमिंग पुढे आहे, मी मागे घेते. ते म्हणाले, ह्या गावातली सगली इंजिनं मी लावली, तू मला शिकवतेस? आणि आईला बोलायचं नाय.”

तुम्हाला माहीत होतं!

माहीत असून तुम्ही तिच्या दारावरून रोज गेलात. माझ्या ताटात जेवलात, माझ्या शेजारी झोपलात आणि पोरीच्या तोंडाला कुलूप लावलंत. एक नट सैल करून पंप बोटभर फिरवायचा होता. तेवढंच मयुरीने काल केलं.

आज व्हॅन शांत सुरू झाली. इंजिनाची ती ठकठक गेली. पूर्वी वळणावरून ठकठक ऐकू आली की मी तुमच्या चहाचं आधण ठेवायचे. आता गाडी दारात येऊन उभी राहील तरी मला कळणार नाही. बघा, इतकी चिडले आहे, तरी त्या आवाजासाठी जीव तुटतो. ह्याचासुद्धा मला राग येतो! लग्नाआधी पालघर स्टेशनबाहेर तुम्ही मित्राच्या टेम्पोत माझी वाट बघायचात. डिझेलच्या वासाचा तो सदरा मला अत्तरासारखा वाटायचा. सिस्टरनी एवढं शिकवलं, पण असल्या माणसापासून सावध राहा असं कुणी सांगितलं नाही.

मयुरी म्हणते, “जाऊ दे ना, आई. बाबांचं नाव आहे गावात. भंगारवाल्याला नको म्हणून कळवते, गाडी चालू करू, एवढं पुरे.”

नाही पुरे. तुमचं नाव आहे, मग चंद्राबायला नाव नाही?

उद्या मी वाळवणीच्या मांडवात जाणार आहे. तिच्या सुनेसमोर आणि सगळ्या बायांसमोर सांगणार आहे की ती चुकली नव्हती. पंप चुकीचा लावलेला होता, लावणाऱ्याला ते कळलं होतं, आणि तो माझा नवरा होता. मग ती तुम्हाला शिव्या देईल. तिच्या शिव्या तुम्हाला माहीत आहेत! देऊ दे. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, तुमची बाजू घेणार नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा आणणार नाही. तिचं पोटभर बोलून झालं की तिला विचारीन, बोईसरला येतेस का. ती नाही म्हणाली तर नाही.

हे वचन आहे. ते पुरं करून घरी येईन, दार लावून घेईन आणि तुमच्यासाठी रडेन. तुम्ही गेल्यापासून धड रडलेच नाही मी. पण आधी तिचं, मग तुमचं.

तुमचीच, अजून तरी,
कुसुम