नवा गुडघा, जुनं दुखणं

१२ जानेवारी २०२५
उद्या ऑपरेशन. डॉक्टरांनी नव्या सांध्याचा नमुना हातात दिला — आख्खा गुडघा काढत नाहीत! हाडांची झिजलेली टोकं तासतात, वर धातूच्या टोप्या बसवतात, मधे प्लॅस्टिकची चकती. "मग दुखायचं काही उरत नाही, बाई," म्हणाले. पस्तीस वर्षं अंगणवाडीत पोरांमागं उठबस केली. तिथंच झिजला असणार.

१६ जानेवारी
वॉकर धरून सहा पावलं. दुखतंय. दुखणारच — टाके ताजे आहेत.

९ फेब्रुवारी
टाके निघाले, सूज उतरली. पण पाय टाकला की तीच कळ! ऑपरेशनआधी होती तशीच. व्यायाम करून घ्यायला तोहिद घरी येतो. गुडघा वाकवून म्हणाला, "मावशी, वाकतोय की झकास! मग चालायला का भिताय?"
काय सांगू त्याला?

२ मार्च
आज हे फार बोलले. "शेजारच्या आक्कांचं ऑपरेशन तुझ्यामागनं झालं. त्या मंडईत जाऊन आल्या. तू मनच घालत न्हाईस!" सून निशिगंधा ताट घेऊन दारात उभी. दिवसातून तीनदा व्यायाम करते मी, दात आवळून. यांनी कधी बघितलंय?

३ मार्च
व्यायाम केला नाही.

२१ मार्च
डॉक्टर म्हणाले, सांधा उत्तम बसलाय, मनातली भीती काढा. म्हणजे दुखणं मनात! आता मलाही तसंच वाटायला लागलंय. नाटकी बाई मी. खिडकीतून रंकाळ्याकडं फिरायला निघालेली माणसं दिसतात. पडदा ओढून घेतला.

११ एप्रिल
राधानगरीला भाचीचं लग्न. गेले नाही. "एवढं करून लंगडतीयच व्हय, म्हणतील लोक," — हे. खरंच आहे.
आता बरं व्हायची आशा सोडली.

२४ एप्रिल
निशिगंधानं यांना न सांगता दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं नेलं. रिक्षात म्हणाली, "आत्ती, मला तुम्ही खोटं बोलताय असं वाटत न्हाई." बाईंनी झोपवून मांडी आत-बाहेर फिरवली — मी किंचाळले! उद्या आणखी एक एक्स-रे. काय निघणार त्यात?

२५ एप्रिल
खुबा. पार झिजलाय. कळ तिथली, जाणवते गुडघ्यात. आधीपासूनच. आता त्याचं ऑपरेशन.
यांनी एक्स-रे उजेडाकडं धरला. "म्हंजे तू खरं सांगत हुतीस," म्हणाले.
मी तोंड फिरवलं.