मौनाचा वार

३ ऑक्टोबर १९५४
पोहोचले एकदाची! चांद्याहून आलापल्लीपर्यंत मोटार, पुढे दीड दिवस बैलगाडी. अंग खिळखिळं झालंय, पण मन हरखलंय. नर्सिंगचं शिक्षण संपतानाच ठरवलं होतं, एक वर्ष देवाच्या नावानं सेवा करायची. कुटीर लहानसं आहे : कुडाच्या तीन खोल्या, प्रार्थनेचा ओटा, दवाखान्याची पडवी. ते चालवणारे दादाजी साठीचे, करारी. स्वयंपाक पाहणाऱ्या गुणाबाई ब्रह्मपुरीकडच्या. माझी वेणी हातात धरून म्हणाल्या, "वो बाई, एवढे लांब केस इथी कायले आनले?" खूप हसले मी. माझ्याआधीचा सेवक बिरजू घरच्या ओढीनं वर्ष पुरं न करताच गेला, असं दादाजींनी सांगितलं. मी नाही जाणार.

७ ऑक्टोबर, गुरुवार
दर गुरुवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन. बोललं तर दुसऱ्या दिवशी उपास. पाळलं. पण चार दिवसांत दवाखान्यात एकही रोगी नाही! शेजारच्या बोडमेट्यात माणसं तापानं फणफणलीत आणि मी इथे बाटल्या पुसत बसलेय. गावात जाऊ का, असं काल विचारलं, तर दादाजी म्हणाले, आधी मन स्थिर करा. माझं मन स्थिरच आहे. हात रिकामे आहेत.

१२ ऑक्टोबर
अजून कोणी नाही. शेवटी लाकडं आणणाऱ्या दसरूला गाठलं. बोडमेट्याचा पन्नाशीचा माडिया माणूस, बोलणं मोजकंच. लोक का येत नाहीत, विचारलं. मोळी उतरवत म्हणाला, "तुमी चूप राह्यता, त्या दिवशी रान बोलते, बाई. कोनी हाक मारली तं ओ देऊ नका. बिरजूनं देल्ली."
दादाजींनी ऐकलं. भलतंसलतं पसरवतो म्हणून त्याला हाकलून दिलं. म्हणजे आता रोगीही नाहीत आणि लाकडंही नाहीत!

१४ ऑक्टोबर, गुरुवार
दुपारी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. नाल्याकडच्या बांबूच्या बनातून पुरुषाचा आवाज आला, "वेणूबाई! वो वेणूबाई!" रोगी असेल म्हणून मी उठणार, तोच गुणाबाईंनी मनगट आवळलं. दादाजी समोरच डोळे मिटून बसलेले. त्यांची पापणी हलली, मी पाहिली.
सूर्य बुडाल्यावर गुणाबाईंनी सांगितलं, तो बिरजूचा आवाज. बिरजू घरी गेला तो मुका होऊन. ओ दिली, त्या दिवसापासून.
त्यानं तर मला कधी पाहिलंही नाही. मग नाव कसं ठाऊक?

१५ ऑक्टोबर
दादाजींशी भांडले. मौन बंद करा म्हटलं. म्हणाले, ही श्रद्धेची परीक्षा आहे. तुम्हीही ऐकलंत ना, विचारलं. जपमाळ ओढत राहिले. या माणसापुढे डोकं आपटून काही होणार नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
बिरजू गुणाबाईंना माय म्हणायचा. आज बनातून रडका आवाज आला, "माय, पानी दे वो." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावले— उशीर झाला. "आली रे बापा," म्हणाल्या. तेवढंच.
आता तोंड उघडतात, पण आवाज नाही. घसा पाहिला. सूज नाही. काहीच नाही.

२२ ऑक्टोबर
दादाजींचा उपाय : गुणाबाई बऱ्या होईपर्यंत रोज मौन. रोज! संतापानं रडले. परतीची गाडी पुढच्या आठवड्याशिवाय नाही.

२५ ऑक्टोबर
बाबांचं पत्र. गुरुवारी येताहेत, मला पाहायला. कीर्तनं संपवून निघालेसुद्धा. अमरावतीचं आमचं घर त्यांच्या गळ्यावर चालतं. त्यांना थांबवायला उलट टपाल पोहोचणार नाही. गाडी नाल्यापलीकडे थांबते, तिथे जाऊन मीच त्यांना गाठणार आणि त्याच गाडीनं, गुणाबाईंना घेऊन—

२८ ऑक्टोबर, सकाळ
निघत होते. बनातून गुणाबाईंची किंकाळी, "वो बाई, साप चावला!" स्वयंपाकघर रिकामं. आवाज परत आला त्यांचा, एवढंच मनात— "आले!" म्हणून ओरडले.
गुणाबाई विहिरीवर होत्या. माझं उघडं तोंड पाहून त्यांच्या हातची कळशी पडली.

दुपार, नाल्यावर
पावसानं नाला भरलाय. उतरता येत नाही. पलीकडे गाडी येऊन थांबली. बाबाच. पांढरा फेटा. टाळ्या वाजवतेय— पाण्याचा आवाज मोठा— पाहत नाहीत—
त्यांच्या मागच्या बनातून माझा आवाज. "बाबा! मी इथे!"
आवाजाकडे वळले. हसताहेत.
मोठ्या अक्षरात लिहिते, पान उंच धरते—
बाबा ओ देऊ