समोरची खिडकी

आई, तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आलोय. तेव्हा आज जरा वडीलकीच्या सुरात लिहिलं तर चालवून घे. माझा धंदा तुला कधी धड पटला नाही. शेजारणींना तू सांगायचीस, "एवढं संस्कृत शिकवलं, अन् हा हवा मोजून राहिला!" अजून तेच करतो. भर मे महिन्यात नागपूरच्या गल्ल्यांतून तापलेली हवा कशी वाहते, कुठे अडते, कुठे साचते, ते संगणकावर पाहतो.

संस्कृत व्याकरणात आगम, म्हणजे जादा आलेलं अक्षर, शेजारी येऊन बसतो, मित्रासारखा. आदेश, म्हणजे बदली अक्षर, असलेल्याला उठवून त्याच्या जागी बसतो. कूलरची हवा म्हणजे आदेश, हे कळायला मला समीकरणं शिकावी लागली. तुला ते जरीपटक्याच्या आपल्या एका खोलीत आधीच ठाऊक. कूलर लावला की समोरच्या खिडकीची वरची कडी तू लाटण्यानं उचकटायचीस, हात पुरत नसे म्हणून. झळा येतात म्हणून मी कुरकुरायचो. तू म्हणायचीस, "जुनी हवा गेल्याबिगर नवी येईन कुठून गा, पंडिता? तुह्या पोथीत हे लिहेल नाही काय?"

त्या दुपारी तुला ताप आहे. तू खाटेवर, मी जमिनीवर प्रबंधाची पानं मांडून बसलोय. विषय : बंदिस्त जागेतलं वायुवहन. हस, हस. पानं उडतात. मी उठतो, खिडकी लावतो, कडी घालतो. तू म्हणतेस, "राहू दे नं उघडी." मी म्हणतो, "दहा मिनिटं." आणि पानं गोळा करून सरांना दाखवायला निघून जातो.

संध्याकाळी आलो तेव्हा कूलर इमानदारीनं चालू होता, भिंतींना पाणी सुटलं होतं, तुझं अंग तव्यासारखं तापलं होतं. लाटणं खाटेखाली पडलं होतं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू गेलीस. "यंदा उन्हाळा फार वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. कडीबद्दल कुणी विचारलं नाही. घरी येऊन मी लाटणं उचलून जागेवर ठेवलं.

मागच्या महिन्यात ती खोली मी संगणकात बांधली. कूलर, खाट, खाटेवर तू. यंत्राच्या लेखी तू फक्त 'उष्णतेचा स्रोत'. खिडकी बंद. हवा भिंतीवर थडकून फिरते आणि खाटेवर येऊन साचते. रोज पाहतो. त्या रेषा वळल्या की पाठीमागे कुणी कूस बदलल्यासारखं वाटतं, आणि मी चक्क वळून बघतो. शास्त्रज्ञ म्हणे!

हे पत्र त्याच प्रबंधात घालून ठेवीन. तो तसाही कुणी उघडत नाही. माझी विद्यार्थिनी रोज विचारते, "सर, खिडकी उघडून पाहिलं का? तुलनेसाठी लागेल नं." मी म्हणतो, बघू. खरं तर एकच आकडा बदलायचा आहे, आणि उत्तर यायला लागतात दहा मिनिटं. तो आकडा मी अजून बदललेला नाही.